निळी फ्रेम की हिरवी

मंगरूळपीर, बुधवार संध्याकाळ

निळी घ्यायची नाही, हे आज ठरलं. तरी मन तिच्याकडेच धावतंय!

पुण्याच्या माझ्या सायकलिंगच्या सरांनी ट्रॅकवरच्या शर्यतीत धावलेल्या सायकलींच्या दोन जुन्या जपानी फ्रेम पाहायला पाठवल्या. पैसे एकीपुरतेच. निळी चकचकीत, जरा महाग. हिरवीचा रंग पार उडालेला. आज दोन्ही एसटीने कारंज्याला शेषरावकाकांकडे नेल्या. जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला, पण अशी फ्रेम त्यांनीही पहिल्यांदाच पाहिली. नळ्यांच्या जोडांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

"पोरी, हे मशीनचं काम नाई. कोन्या मानसानं कानशीनं घासलं हाय."

मग त्यांनी साधा दोरा घेतला. मागच्या एका टोकापासून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत ताणला आणि मधल्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजलं. हिरवी तंतोतंत. निळीत एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त.

"हे पडली हाय कधीतरी. मंग वरून नवा रंग मारला."

सरांनाही हे माहीत नसणार. पण मी? महिनाभर सरांनी आधी पाठवलेल्या फोटोत फक्त रंगच पाहत होते का? आणि ते जोड! कोण असेल तो, इतक्या निगुतीने घासणारा?

"काका, हिरवीले रंग मारून देता का?" निघताना मी विचारलं.

काका जवळजवळ रागावलेच. "कायले? त्या मानसाचं काम झाकतं काय?"