तडा ओळखणारं मशीन

३ जानेवारी, सकाळी
यंदा प्रोफेसर व्हायचंच. लोखंडी प्लेटांच्या वेल्डिंगमधला तडा, काही न तोडता-फोडता, नुसत्या फोटोवरून ओळखणारं माझं मशीन तयार आहे. अचूकता ९९.२ टक्के. २० तारखेला निवड समितीपुढे डेमो. शेजारच्या लॅबमधल्या, अल्ट्रासाउंडने तडे शोधणाऱ्या बाईही त्याच पदावर डोळा ठेवून आहेत. आज जिन्यात भेटल्या. काय म्हणतंय मशीन, म्हणाल्या. का विचारलं असेल? संकल्प: २० तारखेपर्यंत कोणाशी अवाक्षर काढायचं नाही.

५ जानेवारी
लॅबकाका तीस वर्षं माझ्या हाताखाली आहेत. प्लेटा मांडणं, फोटो काढणं त्यांच्याकडे. आज म्हणतात, सर, एकदा प्लेटा धुऊन फोटो काढून बघू. एकाएकी धुण्याचा पुळका कुठून आला? मनात पाल चुकचुकली. चौकशी केली. काका दुपारचा चहा बाईंच्या लॅबमध्ये पितात. कुठंतरी पाणी मुरतंय.

९ जानेवारी, सकाळी
लॅबला नवं कुलूप. ओढलं की आपोआप लागतं. चावी एकच, माझ्याकडे.

९ जानेवारी, दुपारी
चावी आत राहिली. सुताराने दार उघडून दिलं. याला फजिती म्हणता येणार नाही. खुद्द मला आत जाता आलं नाही, म्हणजे बंदोबस्त चोख होता. सुताराला पाना बाईंनी दिला. बाईंकडे पाना तयारच कसा होता?

१३ जानेवारी
काका पुन्हा आले. खडूबद्दल बोलायचं होतं म्हणे. म्हटलं, संपले असतील तर स्टोअरला अर्ज करा. संपले नाहीत, तीच तर भानगड आहे, म्हणाले. मी हातानेच थांबवलं. असं अर्धवट बोलून समोरच्याकडून माहिती काढतात, मला ठाऊक आहे. घरी बायको म्हणाली, अहो, त्यांना पुरतं बोलू तरी द्या. हिला मागच्या महिन्यात बाईंनी गाडीतून घरी सोडलं होतं. आता घरातही जपून बोलायला हवं.

१९ जानेवारी
आमच्याच फोटोंवर शेवटची चाचणी. ९९.४. काकांना म्हटलं, उद्या सुट्टी घ्या. उद्या मी असायलाच हवा, म्हणाले. कोण कोणाचा माणूस आहे ते आता उघड झालं.

२० जानेवारी, दुपारी
अध्यक्षांनी स्वतःच्या पिशवीतून प्लेट काढली. तडा एवढा की त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. मशीन म्हणालं, निर्दोष. दुसरी प्लेट. निर्दोष. कोणीतरी हसलं. मी सांगितलं, मशीनशी छेडछाड झाली आहे, आणि काकांकडे बोट दाखवलं. डेमो बघायला आलेल्या बाईच म्हणाल्या, काका, आता सांगून टाका. काकांनी खिशातून खडू काढला, एका धडधाकट प्लेटवर गोल काढला आणि ती कॅमेऱ्याखाली सरकवली. मशीन म्हणालं, तडा.

झालं असं. सदोष प्लेटा चांगल्या प्लेटांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यावर आधी खडूने गोल काढायचा, मग फोटो. असे चार हजार फोटो दाखवून मशीनला शिकवलेलं. मशीन तडा शिकलंच नाही, खडू शिकलं. ही सूचना कोणाची, असं अध्यक्षांनी विचारलं. भिंतीवर लावलेली आहे, खाली माझी सही. सही बनावट असणार, असं मी म्हणालो. मग जवळ जाऊन पाहिली. माझीच आहे.

२४ जानेवारी
बाई प्रोफेसर झाल्या. अभिनंदन करायला गेलो नाही. डोकं दुखत होतं.

२८ जानेवारी, संध्याकाळी
आज काकांना सरळ विचारलं, तुम्हाला माझ्याकडे कोण पाठवत होतं? कोणी नाही, म्हणाले. या महिनाअखेरीला रिटायर होतोय. जाण्याआधी सरांच्या दारावर प्रोफेसरची पाटी स्वतःच्या हाताने ठोकावी असं फार मनात होतं, म्हणून मागे लागलो होतो. एवढं बोलून प्लेटा आवरायला निघून गेले.

तासभर या बोलण्यातली गोम शोधतोय. सापडत नाही. लाज वाटते आहे.