नुसतं लोटलेलं दार

नांदेड, रविवार

दोन्ही पोरं लातूरला क्लाससाठी हॉस्टेलवर. घर खायला उठतं म्हणून आज आम्ही दोघंच पार्कात गेलो. पाण्याच्या घसरगुंडीवर हे पोरासारखे ओरडत होते. किती दिवसांनी असे हसताना बघितले.

मग मीच हट्ट करून त्या मोठ्या पाळण्यात बसवलं. तिथल्या माणसानं मांडीवर दांडा टाकला आणि कडी लावली. पाळणा अजून नुसता थरथरला होता, तेवढ्यात ह्यांनी दांडा धरून हलवायला सुरुवात केली. "कडी काढ. आधी कडी काढ." खाली उभी पोरं हसत होती.

त्र्याण्णवच्या भूकंपात ह्यांची आई आणि बहीण ढिगाऱ्याखाली दाराशीच सापडल्या. कडी आतून लागलेली. तेव्हापासून हे रात्री दाराला कडी लावू देत नाहीत, चोर आले तर येऊ देत म्हणतात. हे सगळं मला माहीत असून मी का बसवलं?

परत येताना बसमध्ये हे दाराजवळच्या सीटवर बसले. विष्णुपुरीजवळ एकदम म्हणाले, "पोरांच्या हॉस्टेलला रात्री कुलूप लावतेत का?"

"न्हाई. उघडंच ऱ्हातंय."

पोरांना सोडायला मी एकटीच गेले होते. जेवणं झाली की जिन्याच्या जाळीला बाहेरून कुलूप, पोरं कुठं जायची नाहीत, असं वॉर्डन म्हणाला होता. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

आत्ताच हे आमचं दार नुसतं लोटून आले. लातूरचं एव्हाना लागलं असेल.