भादव्यातला पोळा

२४ फेब्रुवारी १९३४

मुदत संपली म्हणे! संपू दे. मी कागद भरणारच.

उत्रोलीची ठकुबाई सकाळी तांदूळ घालायला आली आणि पदराआडून एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली. गिरणीत इजा झालेल्या कामगारानं करायच्या अर्जाचा नमुना. मुंबईहून गाववाल्यानं आणून दिलेला. चार पानं, सगळी इंग्रजी. तीन आठवडे गावभर फिरला. मास्तरांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

तिच्या नवऱ्याचा, गेनूचा, डावा हात कापूस विंचरायच्या यंत्रात मनगटापासून गेला. मागोमाग कामही गेलं. इस्पितळाचा कागद मुकादमानं ठेवून घेतला. हातात उरली ती नाव कमी केल्याची गिरणीची चिठ्ठी, जांभळ्या टाइपातली, दोन ओळींची. कारण काही नाही.

अर्जासाठी नवऱ्याचं नाव विचारलं, तर म्हणाली, "तुमाला ठावं हाय की, काकी." म्हटलं, मला आहे, सरकारला नाही! तेव्हा हसली. किती दिवसांनी हसली असेल.

हात कधी गेला? "पोळ्याच्या दिशी." पंचांग काढलं. श्रावणी अमावास्या, २१ ऑगस्ट. अर्ज सहा महिन्यांच्या आत हवा. तीन दिवस वर झालेले.

पुतण्याला विचारलं. नारायण कचेरीत कारकून आहे, त्याला सगळं कळतं. कागद न वाचताच म्हणाला, "काकू, संस्थानातल्या बायकांनी मुंबईच्या गिरणीशी भांडू नये." बायकांनी!

२५ फेब्रुवारी

गेनूला गिरणीत मीच पाठवलं होतं. आनंद तिथं हपिसात आहे. माझाच मुलगा. त्याला चिठ्ठी दिली होती — माणूस सरळ आहे, कुठं तरी चिकटव.

गेनू थोटा होऊन परत आला, तेव्हा आनंदला विचारलं, काय झालं? उत्तरात एक ओळ. "आई, तू यात पडू नकोस."

पडणार.

१ मार्च

उत्रोलीला गेले. उन्हातान्हात, चालत. गेनू गोठ्यात बैलाला चारा घालत होता, एका हातानं, पेंढी छातीशी दाबून.

सगळं पुन्हा विचारलं. पोळ्याला गावी यायची रजा मागितली होती, मिळाली नाही. दिवसभर मन इकडेच, बैलांची शिंगं कोण रंगवत असेल याच्यात. त्यातच हात ओढला गेला. इस्पितळात शुद्धीवर आला, तर शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रडत होता — आज घरी घट बसले आणि मी इथं.

मी लिहिता लिहिता थांबले. श्रावणातल्या पोळ्यानंतर लगेच घट कसे बसतील?

गेनूनं पेंढी खाली ठेवली. "आवो काकी, आमचा पोळा भादव्यात. सरावनात बैल चिखलात असत्यात, त्यांना कुठली सवड?"

भाद्रपद अमावास्या! १९ सप्टेंबर! चाळीस वर्षं भोरात काढली, यांचाच तांदूळ खाल्ला, आणि यांचा पोळा कधी असतो ते ठाऊक नाही मला. पुण्याचं पंचांग उघडून बसले शहाणी.

अजून अठरा दिवस आहेत.

४ मार्च

आधी गिरणीला नोटीस द्यायची, तिकडून नकार आला की मुंबईतल्या नुकसानभरपाईच्या अधिकाऱ्याकडे अर्ज. नोटीस लिहिली. मी शिकले त्या कॉन्व्हेंटात सिस्टर अॅग्नेस वहीवर ओणवून उभ्या राहायच्या, g ची शेपटी नीट वळली नाही की पान पुन्हा. त्यांच्या अंगाला साबणाचा वास यायचा. आज त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, शाई कमी घे.

सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा हवा, नारायणनं बजावलं. मी इंग्रजीत लिहिलं — डावा अंगठा गिरणीकडेच आहे. गेनूनं उजव्या हातानं नांगर काढला. त्याच्या आज्याची निशाणीही नांगरच होती. जरा वाकडा आला, पण फाळ चांगला टोकदार!

१२ मार्च

गिरणीचं उत्तर आलं. गेनू त्या दिवशी कामावर नव्हताच म्हणे! सणाची रजा घेऊन गावी गेला होता, हात बाहेरच कुठं तरी गेला असेल.

उत्तर शाईनं लिहिलेलं आहे. g ची शेपटी सिस्टरची. सिस्टरकडून माझ्याकडे आली, माझ्याकडून आनंदकडे. ओसरीवर मांडीवर बसवून गिरवून घेतली होती.

गेनू आणि ठकुबाई समोर बसले होते. मराठीत सगळं वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. कुणी लिहिलं तेही सांगितलं.

ठकुबाई नखानं जमीन कोरत होती. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काकी. लेकावर कागद नगा करू."

१३ मार्च

आनंदची सगळी पत्रं ट्रंकेत आहेत, सालवार, दोऱ्यानं बांधून. सप्टेंबरचा गठ्ठा सोडला.

१८ सप्टेंबरचं पत्र. खोकला बरा आहे. लोणचं संपलं. मग — "उद्या गेनूच्या गावचा पोळा. रजा नाकारली म्हणून तोंड पाडून बसला होता. म्हटलं, उद्या कामावर ये, संध्याकाळी तुला लाडू खायला घालतो."

हे पत्र मी तेव्हा चार वेळा वाचलं असेन. लोणच्यासाठी.

१४ मार्च

अर्ज रजिस्टरनं पाठवला. आनंदचं पत्र जोडलं. गिरणीचं उत्तर त्याच्याच शेजारी, म्हणजे अक्षर ताडून बघता येईल. पोस्टात पावती घेताना नारायण भेटला. म्हणाला, स्वतःच्या मुलाची नोकरी घालवायला निघालात? म्हटलं, एकाचा हात गेलाय.

घरी येऊन रडले. ते वेगळं.

२ एप्रिल

अर्ज मुदतीत दाखल झाल्याचं पत्र आलं. सुनावणी मेमध्ये. आनंदचं काहीच नाही.

११ एप्रिल

आनंद आला. वळकटी, ट्रंक, सगळं घेऊन. मी चहा ठेवला. चुलीपाशी येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, साक्ष द्यायला मीही येणार. मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाला, "आई, नोटिशीवर तुझं अक्षर पाहिलं, म्हटलं, उत्तर आता तूच वाचणार. हपिसात दोन टाइपरायटर आहेत. ते उत्तर मी हातानं का लिहिलं असेन?"