वीरचक्राच्या घरातलं लग्न

ता. पारनेर
३ मार्च २०२६

चि. ज्ञानेश्वर यास,
रंगुबाईचे मनापासून आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. ज्वारी काढून झाली, कडब्याची गंज रचली. शेळी व्याली. तुझ्या पायाच्या दुखण्याला आता उन्हानं उतार पडला असेल. फोनच केला असता, पण माझ्या अजिनाथचं नाव निघालं की तू गप्प होतोस, मग मलाही पुढचं सुचत नाही.

रोहिणी बरी आहे. खरं तर तिचंच लिहायचंय आणि मी शेळीचं सांगत बसले.

सुनेचं लग्न ठरवलंय मी. राहुरीचा सुनील, शाळेत शिक्षक आहे. त्याची बायको आजारानं गेली. रोहिणी आधी नाहीच म्हणाली. "आई, तुमच्याजवळ कोण?" मी म्हटलं, "माझ्याजवळ बसून तू म्हातारी व्हायची का?" पुढं कधीतरी भाकरी थापता थापता आपणच म्हणाली, "माणूस चांगला वाटतो."

गावाला मात्र ते रुचलं नाही. मला चावडीवर बोलावलं. सरपंच सूर्यभान म्हणाले, "काकू, दिल्लीत नवऱ्याचं वीरचक्र घेतलेली पोरगी ती. आसं लगीन लावलं तर गावाची मान खाली जाईल."

तू सांगितलेलं सगळं डोळ्यांपुढं आलं. तोफेचे गोळे पडत असताना अजिनाथनं दोन जखमींना पाठीवर घेऊन खाली आणलं. साहेब म्हणाले, थांब आता. तो म्हणाला, "वर ज्ञाना राहिलाय, साहेब." परत चढला. तुला खाली टेकवलं आणि तिथंच पडला.

मी म्हटलं, "माझ्या पोरानं जित्या माणसासाठी जीव दिला, म्हणून ते पदक हाय. आन् तुमी त्याच्याच नावानं जितं माणूस गाडाया निघाला व्हय?"

सूर्यभान उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "मांडव कुठं घालायचा, काकू?"

अक्षय्य तृतीयेला लग्न आहे. रोहिणीला भाऊ नाही. नवऱ्याचा कान पिळायला तिनं तुझं नाव घेतलंय.

आणखी एक. दर दिवाळीला येतोस आणि दारातच टेकतोस. का ते मला कळतं. त्याच्याऐवजी हा का आला, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं रे. तुझ्याकडं बघवत नव्हतं. आता तू यायला उशीर केलास तर जीव खालीवर होतो.

या खेपेला आत ये. दोन दिवस आधी ये, घरचं कार्य आहे.

तुझी,
आई