तुझ्या तोंडी माझा आवाज

प्रिय आई,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढत बसू नकोस. काल तुझा तो चष्मेवाला दिग्दर्शक घरी येऊन गेला. सोफ्याच्या अगदी कडेला टेकून, चहा पार गार होईपर्यंत नुसता चष्मा पुसत होता. मग एकदाचा बोलला. तुझ्या शेवटच्या सिनेमाचं शूटिंग झालंय, पण डबिंगच्या आधीच तुझं घशाचं ऑपरेशन करावं लागलं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. तेव्हा सिनेमातलं तुझं सगळं बोलणं आता मी बोलावं, हुबेहूब तुझ्यासारखं. आणि प्रेक्षकांना संशय नको म्हणून पडद्यावर माझं नाव येणार नाही. बाईंचीच तशी इच्छा आहे, म्हणाला. मी नाही म्हटलं, तर विनोदी कार्यक्रमांतून तुझी नक्कल करत फिरते ती पोरगी बोलावणार आहेत. अगं, पाटीवर चार शब्द लिहून तू मला स्वतः बोलावलं असतंस तर हात झिजला असता का? पण उंटावरून शेळ्या हाकायची तुझी खोड डॉक्टरांना काही काढता आलेली दिसत नाही.

जाता जाता तो म्हणाला, तुमचा आवाज बाईंशी किती मिळतो नाही! जसा काही त्यानेच शोध लावला. मी शाळेत होते तेव्हापासून तुझे निर्माते फोनवर माझ्याशी भांडत आलेत. आवाज तुझा आणि चेहरा बाबांचा, अशी माझी वाटणी झाली. ते जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचे. जहाजाबरोबर आले, जहाजाबरोबर गेले, आणि जाताना त्यांच्या मुलखातले कुरळे केस, रुंद नाक आणि काळासावळा रंग माझ्याकडे ठेवून गेले. मला त्याची कधी लाज वाटली नाही. तुला वाटायची. प्रयोगाआधी मेकअपच्या खोलीत तू गरम चिमट्याने माझे केस सरळ करायचीस, कान भाजला तरी मान हलवू द्यायची नाहीस. रंगभूषावाल्याला सांगायचीस, हिला जरा उजळ लाव. आणि दौऱ्यावर कुणी विचारलं की मी तुझ्या मैत्रिणीची मुलगी असायचे, नाटक शिकायला तुझ्याकडे ठेवलेली. मी इतकी लहान होते की मला ते खरंच वाटायचं. ही मैत्रीण आहे तरी कोण आणि मला न्यायला कधी येणार, याचा मी झोपेपर्यंत विचार करत बसायचे.

तुझ्या नाटक कंपनीत मी मोठी झाले, पण रंगमंचावर मला जागा कुठे होती? घरातली मुलगी म्हणून उभी करावी, तर प्रेक्षक विचारणार ही या घरात आली कुठून. म्हणून मी मोलकरीण झाले, जादूगारीण झाले, एका नाटकात भूत झाले. टीव्हीवर तर आनंदच. पहिल्या मालिकेच्या दिग्दर्शकाने माझं बोलणं ऐकलं आणि कौतुकाने म्हणाला, किती छान बोलता हो आमची भाषा. अरे बाबा, मला दुसरी येतेच कुठे? मी एका वकिलाच्या परदेशी बायकोचं काम करत होते आणि त्याला माझं बोलणं फार शुद्ध वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दाढ काढून थेट सेटवर गेले. गाल बधिर, तोंडात कापूस, जीभ वळेना. त्याने उडीच मारली, हेच हवं होतं म्हणाला. तेव्हापासून अशी भूमिका आली की मी गालात कापसाचा बोळा धरायचे. एका समीक्षकाने लिहिलं, या अभिनेत्रीने आपल्या मूळ भाषेचा गोडवा जपला आहे. तू ते कात्रण सगळ्यांना दाखवत हसलीस. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

आणि मग तो आपल्या दोघींचा सिनेमा आला. आई तू, मुलगी मी. कथेतच बाप परमुलखातला होता, त्यामुळे केस सरळ करायची गरज नव्हती, कापूस नको होता, माझ्या तोंडाने मला माझ्यासारखं बोलायचं होतं. मी आयुष्यात एवढं मनापासून काम कधी केलं नव्हतं. तुझ्याशी भांडण्याच्या प्रसंगात तर मी अभिनय करत नव्हतेच. शूटिंग संपलं आणि माझ्या डबिंगची तारीख काही येईना. आज बोलावतील, उद्या बोलावतील, म्हणत वाट पाहिली आणि शेवटी मीच स्टुडिओत गेले. दारावर लाल दिवा लागलेला होता. काचेपलीकडे पडद्यावर माझा चेहरा होता, रडत होता, आणि माईकसमोर तू उभी होतीस. तू माझी वाक्यं बोलत होतीस. आवाज जरा पातळ करून, तरुण करून, माझ्या ओठांशी एकेक अक्षर जुळवून. फार सुंदर बोलत होतीस, हे कबूल केलंच पाहिजे. तुला ते नेहमीच सुंदर येतं.

दिवा विझल्यावर तू बाहेर आलीस, पाणी प्यायलीस. दोघींचे आवाज इतके सारखे आहेत की भांडणाच्या प्रसंगात कोण बोलतंय तेच कळत नाही, म्हणून एकीने आवाज बदलून बोलणं भाग होतं आणि तेवढी तयारी माझी नाही, असं तू मला समजावलंस. मी म्हटलं, पण तो माझा आवाज आहे. तेव्हा तू जे म्हणालीस ते तुला आठवत नसेल. मला पाठ आहे.

"तुझा कसला? माझाच आहे तो. मी दिलाय तुला."

अगं, आई मुलीला जे देते ते परत मागते का? त्या सिनेमातल्या मुलीच्या आवाजाला बक्षीस मिळालं. आवाज माझाच समजून ते घ्यायला मला बोलावलं, आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब मारणार कुणाच्या नावाने? त्या दिवसापासून मी तुझ्या घरी आले नाही. चेहरा घेऊन कुठे जायचंच नाही असं ठरवलं आणि नुसता आवाज विकायला लागले. बघ, कसं झालं. ज्या नट्यांना धड दोन वाक्यं नीट बोलता येत नाहीत त्यांच्या तोंडी मी बोलते. राण्या, डॉक्टरणी, सात्त्विक सुना, सगळ्या माझ्या. माईकला काय, केस कुरळे असले तरी चालतात. कार्टूनमधला साळिंदर मी आहे, आणि तुझ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारीही मीच आहे. तू महिनाभर त्या लिफ्टमधून वर-खाली केलंस. तुला तो आवाज ओळखू आला की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही.

आज सकाळी मी स्टुडिओत गेले. खोटं कशाला बोलू, सूड घ्यायला गेले होते. असं बोलायचं की लोकांनी म्हणावं, बाई जन्मात इतकं चांगलं बोलल्या नव्हत्या, आणि मग एक दिवस मी सगळ्यांना सांगावं की ती मी होते. तू ज्यात तुझ्या मंत्री झालेल्या विद्यार्थ्याला झापतेस, तो म्हाताऱ्या मुख्याध्यापिकेचा प्रसंग लावला. तुला माहीतच आहे, शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज कानात ऐकत ऐकत आम्हाला बोलावं लागतं. तो फक्त अंदाजासाठी असतो, नंतर फेकून द्यायचा. मी हेडफोन लावला. आई, तुझा आवाज तेव्हाच गेलेला होता. खरखरीत, फाटका, श्वास पुरत नव्हता. "मी तुला हे शिकवलं होतं का" या वाक्यात 'हे'पाशी तो तुटला. तू टेबलाला हात लावलास, आवंढा गिळलास, थांबलीस, आणि कट न मागता वाक्य तिथूनच पुढे नेलंस. मी तेच वाक्य म्हटलं. सफाईने म्हटलं, तोच आवंढा, तेवढंच थांबणं. काचेपलीकडे सगळे खूश. मी ऐकलं आणि मला माझीच किळस आली. त्यात सगळं होतं, फक्त तुझं दुखणं नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी मी तुझा कच्चा आवाज चित्रावर लावायला सांगितला, आणि त्या खोलीत कुणी चष्माही पुसला नाही. मी रडले. रागाने रडले असं समज, निम्मं तरी खरं आहे.

हे पत्र यासाठी की मी नकार दिलाय. त्या नकला करणाऱ्या पोरीलाही आणायचं नाही, असं चष्मेवाल्याला बजावलंय. मागचा गोंगाट साफ करून तुझा तोच फाटका आवाज ठेवायला तो तयार आहे, ध्वनिमुद्रकही म्हणतो की जमेल. पण तू हो म्हटल्याशिवाय त्याची हिंमत होणार नाही. तू म्हणशील, असा आवाज लोकांनी ऐकू नये. मला ठाऊक आहे तुला काय वाटत असेल, आपण जसे आहोत तसे लोकांसमोर जायची लाज. लहानपणापासून तुझ्या हातून चटके खाऊन मी ती शिकलेय. मी तुला माफ केलेलं नाही आणि उद्या भेटायलाही येणार नाही. तू माझ्याशी जे केलंस ते तुझ्याशी करायची संधी तूच माझ्या दारात पाठवली होतीस. ती मी सोडतेय, कारण तुझ्यापेक्षा चांगलं मला तुझं बोलता येत नाही. हे लिहिताना अंगाचा तिळपापड होतोय, पण खरं आहे ते. चष्मेवाला उद्या येईल. पाटीवर 'हो' लिही, आणि या वेळी तुझं तूच बोल.

तुझीच, दुसऱ्या कुणाची होता आलं नाही म्हणून,
लेक