तिसऱ्या माणसाचा शिधा

माय,

तुले वाचता येत नव्हतं, म्हणून हे पत्र मी मोठ्यानं बोलत बोलत लिहून राह्यली. पत्र म्हणजे मी वाचायचं अन् तू ऐकायचं, हीच आपली रीत होती. मागच्या महिन्यात मी पह्यल्यांदा समुद्र पाह्यला. मी लिहिलेल्या एका गोष्टीले सुरुवातच नाही, असं मुंबईच्या एका संपादकाचं म्हणणं होतं, अन् त्याच्याशी भांडायले मी एवढ्या लांब गेली होती. भांडण हरली, मंग चालत चालत पाण्यापाशी गेली. लोकं भेळ खात होते. मी वाकली, बोट बुडवलं अन् चाटलं. पह्यला विचार काय आला सांगू? आपलं मीठ कमी पडलं होतं. आपल्या जानेफळात चुलीपुढं बसून घागरीत मूठमूठ मीठ टाकून आपण जो समुद्र केला होता, तो याच्यापुढं वरणाच्या पाण्याएवढाच खारट होता. हे तुले सांगावं असं वाटलं, अन् त्याच्या मागोमाग बारा वर्षांचा राग जसाच्या तसा वर आला. तो खाली बसून नाही राह्यला, म्हणून लिहिते.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती अन् मी मॅट्रिकले होती. दिवाळीच्या दिवसांत मामाचं पत्र आलं. तुहा हा धाकटा भाऊ जर्मनच्या लढाईच्या वक्ती घरातून पळून आरमारात शिरला होता, अन् मंग मुंबईच्या गोदीतच राह्यला. आपल्या सगळ्या गोतात पाण्यावर पोट भरणारा तो एकटाच. त्यानं लिहिलं होतं की एक शिडाची बोट नीट करून राह्यलो, पुढच्या दिवाळीनंतर वारा फिरला का निघू, आफ्रिकेचा किनारा धरून खाली अन् तिथून पुढं. चुलीसमोर बसून मी तुले वाचून दाखवलं: तीन माणसं, दीडशे दिवस. बरफ नाही. चूल रोज पेटंल याचा भरवसा नाही. गोडं पाणी माणशी दिवसाले दोन शेर, पिण्याचं अन् रांधण्याचं मिळून. हिरवी भाजी आठ दिवसांत सडते. ‘ताई, तुह्या हातचं वाळवण दोन उन्हाळे टिकते. आता तूच सांग आम्ही काय न्यावं.’ तू ऐकलं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं अन् म्हणली, "पाण्यावर चालला अन् पाण्याचीच मारामार! काय माणूस हाय वं हा!" पण हसून राह्यली होती. तुले असं कोणी कधी काही विचारलं नव्हतं. वर्षभर सगळे तुह्या हातचं खात, पण ते कसं जमते, किती लागते, हे तुलेच विचारायचं असते हे मामालेच सुचलं.

तो हिवाळा मले आजही तोंडपाठ आहे. मी वही घेऊन बसते, तू पाटावर. तू शेर-पायलीनं मोजतच नाही. हात पुढं करते, मूठ मिटते अन् म्हणते, "एका माणसाची एक मूठ सकाळी, दीड सांजेले. लिही." मी तुही मूठ तराजूत टाकून पाहाते अन् त्याचे दीडशे दिवस करते. सातूचं पीठ, कारण त्याले चूल लागत नाही, गूळ अन् पाणी घातलं का झालं. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, शेंगदाणे, बाजरी भरडून शिजवून वाळवलेल्या खारोड्या, मुगाच्या वड्या, वाळलेली गवार, चिंच. मामानं लिहिलं होतं की दोन महिन्यांनी हिरड्या सुजतात अन् दात हलायले लागतात, जुने खलाशी त्यानंच मरत, त्यावर तू तिसऱ्या दिवशी म्हणली, "आवळा. मीठ लावून वाळवू अन् रोज एक फोड चघळायले लावू." पाणी वाचवायचं म्हणून दोन हिस्से गोडं अन् एक हिस्सा समुद्राचं घालून वरण शिजते का, हे पाहायचं होतं. समुद्र तं नव्हता. मंग घागरीत मीठ. तू बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं अन् म्हणली, "याच्यासाठी लोकं मुंबईले जातात काय वं?" ते वरण बाबांनी खाल्लं अन् तीन तांबे पाणी पेले. तू म्हणली, "पाणी वाचलं नाही, लिही."

अन् ती खारोडीची गंमत. मामानं लिहिलं होतं, ताई, इथली हवाच ओली, आठ दिवसांत पापड मऊ पडते. तुले पटेना. "माह्या हातचा पापड? दिवाळीपर्यंत कडाडते तो!" म्हणून न्हाणीत ओल्या भिंतीले आपण एक पिशवी टांगली. आठव्या दिवशी खारोडी चामड्यासारखी वाकली अन् पापडाले बुरशी. तू ती खारोडी हातात धरून किती वेळ पाहात राह्यली. तुह्या वाळवणाचं सगळं नाव आपल्या कोरड्या हवेवर उभं होतं, हे तुले त्या दिवशी समजलं अन् तुले ते अपमानासारखं लागलं. पण दुसऱ्या दिवशी तूच रस्ता काढला. तुपाचे रिकामे डबे घासून उन्हात तापवायचे, गरम असतानाच भरायचे, अन् झाकणाभोवती मेण ओतायचं. एका डब्यात पंधरा दिवसांचं. म्हणजे एकच उघडा राहील, बाकीचे नऊ बंद. प्रत्येकावर मी कागद चिकटवणार: दिवस १ ते १५, दिवस १६ ते ३०, असं दीडशेपर्यंत.

अन् तू शब्द दिला होता. मी मागितला नव्हता, तू आपणहून दिला. आवळे चिरता चिरता म्हणली, "मामाचं हे नीट पार पाड. मंग अमरावतीच्या कॉलेजचं तुह्या बापाले मी सांगते. माह्यावर सोड." मी तुह्यावर सोडलं.

मॅट्रिकच्या परीक्षेले मी दहा दिवस मेहकरले मावशीकडे होती. शिमगा तिकडंच झाला. परत आली तं तू जरा गप होती, मले वाटलं पोट दुखत असंल, तुहं तं ते नेहमीचंच. तिखटाचा घास गेला का हात पोटावर दाबायची अन् दूध-भाकरीवर भागवायची. उन्हं तापली तशी आपण कामाले लागलो. सारा चैत अन् वैशाख गच्चीवर. बाजूच्या बाया लाटायले येत. एक म्हणली, "एवढं वाळवण कोणाच्या लग्नाचं वं?" तू म्हणली, "पाण्यावरच्या पाव्हण्याईचं." सगळ्या हसल्या. मी पण हसली. आता आठवते, त्या माह्याकडं पाहून हसत होत्या. माह्या हाताले फोड आले, मेणानं बोट भाजलं, तरी मी कोणाले हात लावू देत नव्हती. खारोड्यांचे तीन ढीग घालायची, दोन मिरचीचे अन् एक फिका. एका दुपारी तू फिक्या ढिगापाशी थांबली. "हे फिके कोणाचे वं?" मी म्हणली, मामाच्या दोस्ताईपैकी एकाले तिखट सोसत नाही. तू "हो काय" म्हणली अन् माह्याकडं पाहात राह्यली. मले वाटलं, ऊन लागलं तुले.

ज्येष्ठात एका सकाळी तू मले हिरवं लुगडं दिलं. "देऊळगाव राजाहून पाव्हणे येऊन राह्यले. चांगलं नेस." मी केस विंचरून स्वयंपाकघरात आली. तू खाली बसून सुरीनं मेण कापत होती. डब्यावर माह्या अक्षरात लिहिलं होतं, दिवस ९१ ते १०५. मी ओरडली, "माय, तो मामाचा डबा आहे!" अन् दारातून मामाच बोलला. माह्या लग्नाच्या साक्षगंधासाठी आला होता तो, टोपी काढून उभा. "कोणता डबा वं पोरी? बोट तं गेली मोडीत. सोबत येणारा दोस्त डोलकाठीवरून पडला, मांडी मोडली त्याची. शिमग्याच्या आधीच लिहिलं होतं मी ताईले." तू वर पाह्यलं नाही. कढईत कुरडई सोडली. ती फुलली, तू काढली, दुसरी सोडली.

मंग मले पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ओटी भरली. अकरा माणसं होती. नवरदेवाचा काका खारोडी अन् शेंगदाणे तोंडात टाकत म्हणला, "पोरीच्या हाताले चव हाय बरं!" मी खाली पाहात होती अन् मनात मोजत होती. एक्याण्णवावा दिवस. आफ्रिका मागं टाकून मोकळ्या पाण्यात गेल्यावरचं जेवण ते आपल्या ओसरीत मांडी घालून खाऊन राह्यले होते.

त्याईची बस गेल्यावर, सांजेले, तू भांडे घासत होती. मी विचारलं, काऊन?

"काऊन म्हणजे? पोरीचं लगन करत नाहीत काय?"

"बोट नाही हे काऊन नाही सांगितलं? तीन महिने माह्याकडून..."

"सांगितलं असतं तं तू हात लावला असता काय? लग्नाचं म्हटलं असतं तं वही फेकून पळाली असती. अन् वाया गेलं काय त्याच्यातलं काही? खाल्लंच ना माणसाईनं!"

"अन् अमरावती? तू शब्द दिला होता."

तेव्हा तू हातातली परात खाली ठेवली. "शब्द? तू मले पत्र कसं वाचून दाखवलं? तिघं म्हणली. तू मेहकरले होती तवा पोस्टमननं ओट्यावर बसून वाचलं मले. 'आम्हा दोघांचं जाणं राह्यलं.' दोघं! मंग तिसरं कोण वं? मी काय येडी हाय? जे लेकरू मायले पत्र खोटं वाचून दाखवते अन् मामाच्या बोटीत सोताचा शिधा भरते, त्याले अमरावतीले एकटं कसं ठेवू मी?"

तू परात उचलली अन् राखेनं परत घासायले लागली.

लग्न दिवाळीनंतर धरलं होतं. पावसाळ्यात तुहं पोट एकदम बिघडलं. भाकरी जाईना, भात जाईना. डब्यातल्या त्या फिक्या खारोड्या दुधात भिजवल्या का तेवढ्याच पोटात ठरत. तू एकामागून एक डबे उघडत गेली; कार्तिकात शेवटचा, दिवस १३६ ते १५०. तो संपायच्या आधीच तुले बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं, अन् तिथून तू आली नाही. देऊळगावच्या लोकाईले वर्षभर थांबायचं नव्हतं, त्याईनं दुसरी पोरगी पाह्यली. बाबांनी पुढच्या जूनमध्ये मले बसमध्ये बसवलं अन् म्हणले, जा. तू गेली म्हणून मी शिकली, माय. हे वाक्य मी कोणत्याच गोष्टीत लिहू शकली नाही. संपादकाले जी सुरुवात सापडत नाही, ती बहुतेक हीच.

राग आहे. गच्चीवर जळलेल्या हाताचा आहे, हसणाऱ्या बायांचा आहे, माही वही तुले इतकी कामाची वाटली अन् मी नाही वाटली, याचा आहे. तू मले एकदा विचारलं असतं, खरं विचारलं असतं. विचारलं ते भांडे घासता घासता, अन् उत्तर आपलंच आपण दिलं.

हे पत्र कुठं टाकू? टाकलं तं कोणी पोस्टमन तुले वाचून दाखवंल, अन् त्यानं काय वाचलं, तू काय ऐकलं, हे मले परत माहीत पडणार नाही. राहू दे माह्यापाशीच. पण एवढं सांगते. मामानं दोघंच लिहिलं होतं, तिघं मी वाचलं, हे खरं. पण मले अमरावतीले जायचं होतं, बोटीत नाही. अन् तिखट मी किती खात होती, ठेचा तोंडी लावून भाकर खाणारी पोरगी मी, हे तुह्या कसं ध्यानात आलं नाही? ज्या बाईनं सगळ्याईच्या वाटेचं बांधून दिलं अन् सोता तोवर मेहकरच्या पुढं कधी गेली नव्हती, तिचा शिधा होता तो. बोटीत तुले कोणी घेणार नव्हतं, मले माहीत होतं. फक्त मोजताना तुले धरलं होतं. पाणी पण, रोजचे दोन शेर.

त्या सांजेले हे माह्या तोंडात आलं होतं. मी मुद्दाम गिळलं. तुले चुकीचंच वाटत राहावं, अशी माही मर्जी होती. पुढं पाच महिने मी तुह्यापुढं फिक्या खारोड्यांची वाटी ठेवायची, तू खायची, अन् तेव्हाही नाही सांगितलं.