लॅपटॉपले वाळ्याची ताटी

नाई मामाजी, हे मी चालू देणार नाई. ‘कूलरचा जमाना गेला’ हे वाक्य माझं आहे. वर्धेत तुमच्या कूलरच्या दुकानासमोर, पत्र्याची कातर खाली टाकून, भर बाजारात ते मी बोललो होतो, अन् तुमी म्हटलं होतं, “जमाना जाईन, पण मे महिना कुठी जाईन बे?” आता तेच वाक्य तुमी पत्रात मलेच लिहून पाठवता! माझं वाक्य मी सोबत घेऊन इकडे आलो होतो, तुमाले ते वापरायची परवानगी कोणी देली? अन् वरतून लिहिता का, लोकं एसी घेऊन राह्यले, दुकान मोबाईलवाल्या प्रफुलले देऊन टाकतो, त्यानं पाच हजार एक रुपये बयाणा देला, गुढीपाडव्याले त्याले चाबी देणार. मामाजी, मी तुमच्यासोबत भांडलो हे खरं. पण ते भांडण मी जिंकावं असं मी कधी म्हटलं होतं?

रागाच्या भरात वर लिहायचं राहून गेलं ते इथं लिहितो. तीर्थरूप रूपराव मामाजी यांच्या पायाशी चेन्नईहून भाचा गोपाल याचा दंडवत. आनंदा मामीले पण दंडवत. (मामीचा वेगळा आहे, तुमच्यातला अर्धा काढून देऊ नका.) तुमचा गुडघा कसा आहे? बोरगावच्या घरी न्हाणीघराची पायरी तेवढी जपून उतरजा. मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे अंग चोवीस तास ओलं राहते, बाकी खुशाल. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण फोनवर तुमी “जेवला का?” एवढं विचारता अन् माझे पैसे जातेत म्हणून ठेवून देता. मी जेवलो हे तुमाले पक्कं समजते, अन् दुसरं काहीच समजत नाई.

तर इकडे काय झालं ते ऐका. भैय्याजीचं दुकान तुमाले ठाऊकच आहे, म्हणजे पाहिलं नसन, पण भैय्याजी ठाऊक आहेत. आपल्या वर्धेच्या कापडवाल्या शेठचे साळे, ज्यांनी मले इकडे आणलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझं काम म्हणजे पेचकस धरणं, पंखे काढून धूळ साफ करणं. (सातवी नापास माणसाले फुंकायच्याच कामावर ठेवतेत.) त्या दुकानात सेंथिल नावाचा एक पोरगा येते. बापाची नारळाची वखार, अन् पोराजवळ खेळ खेळायचा लॅपटॉप. गव्हाच्या थैलीएवढा जड. खेळ सुरू केला का एवढा तापते, खाली पापड ठेवला तर भाजून निघन. अन् ऐन लढाईत, दुश्मन समोर उभा असताना, बंद पडते. बंद पडायच्या आधी त्याचा इवलासा पंखा असा जीव तोडून घरघरते का काय सांगू. पहिल्यांदा तो आवाज ऐकला अन् मी काउंटरवर मान टाकून झोपलो. भैय्याजी रागावले. त्याईले काय सांगू, डोळे मिटले का तो तुमच्या मागच्या खोलीतला कूलर वाटते म्हणून? इकडे मले झोपच येत नाई. सगळीकडे शांतता राहते, नाईतर समुद्र राहते. समुद्र आवाज करते, पण वारा फेकत नाई.

सेंथिलनं इंटरनेटवर फोटो पाह्यला होता. परदेशात लोकं कॉम्प्युटरच्या पोटातून पाण्याच्या नळ्या फिरवतेत अन् त्याले थंड ठेवतेत. त्याले तसंच पाह्यजे होतं. पण बाहेरून सामान मागवायचा भाव ऐकून त्याच्या बापानं त्यालेच दुकानातून हाकललं. तेव्हा भैय्याजी खुर्चीतून उठले अन् सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलले, “अरे, ये लड़का वर्धा का है! वहाँ सैंतालीस डिग्री में आदमी को ठंडा रखते हैं, ये तो मशीन है.” मामाजी, मी इकडे आल्यापासून आपल्या गावाचं नाव कोणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं. त्याच्यानंतर मी नाई कसा म्हणणार?

लॅपटॉपची पाठ उघडली. जिथं तो तापते तिथं तांब्याची नळी चपटी करून बसवली. माशाच्या काचपेटीतला लहान पंप आणला, प्लास्टिकच्या नळ्या जोडल्या, पाणी फिरू लागलं. पण फिरून गरम झालेलं पाणी थंड कोण करणार? इथं माझं डोकं चाललं. तेलाचा पिपा घेतला, तीन बाजूनं कापला, तिथं ताट्या बसवल्या, चौथ्या बाजूनं न्हाणीघराचा पंखा. पाणी वरून ताटीवर टपटप पडन, खालच्या बादलीत जमन, पुन्हा लॅपटॉपात जाईन. म्हणजे काय झालं? तुमच्या दुकानातलाच कूलर झाला, फक्त लहान. कोपरे तुमी शिकवले तसे दुमडले, बोट कापणार नाई असे. रंग पण तोच हिरवा. अन् ताट्या वाळ्याच्या. (हसू नका. ताटीले लाकडाच्या किसाची घास स्वस्त पडते हे मी आजही म्हणतो.) इकडे वाळा माठाच्या पाण्यात टाकतेत, जडीबुटीच्या दुकानात मुठी-मुठीनं विकतेत. मी मुठी-मुठीनं घेतला अन् सुई-दोऱ्यानं ताटी शिवली. दुकानदाराले वाटलं, मले काही मोठा आजार आहे.

रविवारी सेंथिलच्या घरी, वरच्या खोलीत, बसवायचं ठरलं. पहिले लॅपटॉप एकटा सेंथिल काखेत घेऊन फिरत होता. आता सेंथिलच्या हातात लॅपटॉप, माझ्या डोक्यावर पिपा, मधात नळ्या, मागून भैय्याजी बादली घेऊन. वरात जिना चढली. सेंथिलचे दोस्त जमले होते, त्याची अम्मा दारात उभी होती, भैय्याजीनं नवा शर्ट घातलता. नारळ फोडला. (घरचाच.) पंप लावला, पाणी ताटीवर पडलं, अन् मामाजी, वास आला. तोच. होळीनंतर पहिल्या दिवशी तुमी कूलर लावून समोर उभे राहता, मामी म्हणते “आता आला उन्हाळा”, तो वास. मी तिथं बादलीजवळ बसूनच राह्यलो. भैय्याजी विचारते, “क्या हुआ?” मी म्हटलं, पंपात कचरा अडकला.

खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं मी ऐटीत बादलीत हात घातला. बोटं बधिर होतीन अशी तयारी ठेवली होती. तुमी मे महिन्याच्या शेवटी, नवतपाच्या नऊ दिवसांत, कूलरच्या टाकीत टरबूज सोडत, ते कापलं का दात शिवशिवत, तसं पाणी मले पाह्यजे होतं. पाणी कोमट. आंघोळीचं. पंखा जोरात केला, तरी कोमट. अन् तिकडे खोलीले घाम फुटला. भिंती ओल्या, भैय्याजीचा नवा शर्ट पाठीले चिकटला, एका दोस्ताच्या चष्म्यावर धुकं बसलं अन् तो लढाईत आपल्याच माणसाले मारत सुटला. मग लॅपटॉप बंद.

अम्मानं माझं मनगट धरलं अन् मले गच्चीवर नेलं. तिथं दोरीवर सकाळची साडी होती. तिनं माझा हात त्या साडीवर ठेवला. ओली! ती काहीतरी बोलली, भैय्याजीनं मागून सांगतलं, “कहती है, जो हवा दिनभर में साड़ी नहीं सुखा सकी, वो तेरे पानी का क्या करेगी?”

मामाजी, आपल्याकडे मामी दुसरी चादर पिळते तोपर्यंत पहिली वाळते. पाणी थंड करायचं काम पंप करत नव्हता, पिपा करत नव्हता. ती आपली कोरडी, तोंड भाजणारी हवा करत होती. ज्या लूले शिव्या देऊन मी गाडीत बसलो, तीच आपल्या दुकानातली सगळ्यात मोठी कारागीर होती. तिले रोजी द्यावी लागत नव्हती म्हणून आपल्याले कधी दिसली नाई. कूलर मी डोक्यावर घेऊन आलो, पण मे महिना तिकडेच राह्यला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढची अक्कल भैय्याजीची आहे. ते म्हणाले, बादलीत बर्फ टाक. जवळ मिळाला तो मासळी बाजारातला. लॅपटॉप असा गार झाला का काय विचारता! सेंथिल लढाईवर लढाई जिंकून राह्यला, दोस्त नाचून राह्यले. पण इकडच्या हवेत थंड नळी ठेवली का तिच्यावर दव धरते, हे कोणाच्या ध्यानात नाई आलं. नळी घामेजली, थेंब थेंब आत गेला, चर्र झालं, अन् बर्फाच्या पाण्यानं खोलीत मासळीचा वास भरला. लॅपटॉप तांदळाच्या पोत्यात पुरून ठेवला. तो जगला. आता सेंथिल समोर साधा टेबलपंखा लावून खेळते, मधात मधात थांबून त्याले आराम देते, जसा बैलाले देतेत.

पिपा अम्मानं ठेवून घेतला, देवाच्या खोलीत. तिले वास आवडला. ताटीवर पाणी टाकायच्या निमित्तानं मी दर रविवारी जातो. पाणी टाकतो, पंखा लावतो, डोळे मिटून बसतो. अम्मा समजते पोरगा भाविक आहे. कॉफी देते.

तर मामाजी, ‘कूलरचा जमाना गेला’ हे माझं वाक्य मी वापस घेतो. आता ते कोणालेच वापरता येणार नाई, तुमाले पण नाई.

तुमचाच, कातर टाकून गेलेला,
गोपाल

ता. क. होळीनंतर शेठकडून भैय्याजीले कपड्याचं गाठोडं येणार आहे. त्याच्यात मामीच्या हातची वाळ्याची एक ताटी टाकजा. लॅपटॉपवर आणखी एक प्रयोग कराचा आहे.

ता. क. लॅपटॉपसाठी नाई. उशापाशी ठेवायले पाह्यजे होती.

ता. क. ताटी पाठवू नका. दुकानातच राहू द्या, मी येऊन ओली करतो. भैय्याजीले मी निघतो म्हणून सांगतलं, त्याईनं पहिले तोंड पाडलं, मग म्हणाले, “जा, पर वर्धा में मेरी माँ के लिए एक कूलर बना देना.” म्हणजे आपलं पहिलं गिऱ्हाईक पण ठरलं. कातरीले तेल लावून ठेवजा. अन् प्रफुलले त्याचा बयाणा वापस करजा, पाडव्याच्या आधी. बयाण्याचे पैसे मी पाठवून राह्यलो, ते मी जुना लॅपटॉप घ्यायले जमा केले होते, पण तापणारी वस्तू घेऊन काय करू? पोस्टवाला एका मनीऑर्डरवर पाच हजाराच्या वर घेत नाई म्हणते, म्हणून पाच हजार मनीऑर्डरनं येतीन, अन् वरचा एक रुपया याच कागदाले खाली चिकटवला आहे, उखडून घेजा. एकूण पाच हजार एक.